दाबोळीचं नौदल विमान संग्रहालय: काय पाहायचं, कोणत्या क्रमाने आणि कसं

गोव्याच्या सहलीत बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय बहुतेकांच्या वाट्याला परतीच्या दिवशी येतं. विमानाला तीन तास असतात, सामान गाडीत असतं, उन्हाने सगळे वैतागलेले असतात. मग अर्ध्या तासात फेरी आटोपते आणि 'जुनी विमानं ठेवलीत' एवढंच सांगण्यासारखं उरतं.

जुनी विमानं दिल्लीलाही आहेत, बंगळुरूलाही आहेत. इथला संग्रह वेगळा आहे तो समुद्रामुळे. जमिनीवरच्या विमानाला दोन-अडीच किलोमीटरची धावपट्टी मिळते. खुद्द दाबोळीची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. जुनी 'विक्रांत' ही विमानवाहू नौका मात्र शेंड्यापासून बुडापर्यंत जेमतेम २१३ मीटरची होती, आणि विमानांना त्यातलीही सगळी जागा मिळत नसे. एवढ्या जागेत उडायचं, परत येऊन उतरायचं आणि उतरल्यावर पोटातल्या हँगरमध्ये मावायचं, या तीन अटींनी नौदलाच्या विमानांचं रूप ठरवलं. ते रूप वाचता आलं की याच आवारात दोन-अडीच तास सहज जातात. हा लेख त्यासाठी आहे.

वार आणि वेळ आधी ठरवा

संग्रहालय १९९८च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. ते नौदल चालवतं, त्यामुळे सुट्टीची शिस्तही सरकारी आहे: सोमवारी बंद. बाकीच्या दिवशी साधारण सकाळी दहाच्या आसपास उघडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतं. नौदलाचा काही कार्यक्रम असला तर वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा. तिकीट किरकोळ आहे, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. सुटे पैसे जवळ ठेवा.

जमत असेल तर शनिवार-रविवार टाळा. त्यामागे गर्दीहून मोठं कारण आहे. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ आहे, 'आयएनएस हंसा'. प्रवासी विमानतळ त्याच्या अंगणात आहे. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली असते, म्हणून त्या वेळात दाबोळीची प्रवासी वाहतूक थंडावते. नशीब असेल तर तुम्ही १९६०च्या सी हॉकसमोर उभे असताना डोक्यावरून नौदलाचं आजचं लढाऊ जेट मिग-२९के जाईल. हमी कोणी देऊ शकत नाही, सरावाचं वेळापत्रक कुठे लावलेलं नसतं. पण रविवारी दुपारी गेलात तर ही शक्यता जवळपास संपते.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मोठी विमानं सगळी उघड्यावर आहेत, सावली कमी. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर दार उघडताच आत शिरा, बाहेरचा भाग आधी उरका आणि ऊन चढलं की इमारतीत जा. पावसाळ्यात उलटा क्रम ठेवावा लागतो: आधी इमारत, मग उघडीप मिळेल तशी विमानं. पावसाळ्याचा एक फायदा सांगतो. ढगाळ उजेडात विमानांच्या पोटाखालचे बारकावे फार नीट दिसतात. भर उन्हात तिथे नुसता काळोख असतो.

पोहोचायचं कसं

पहिली गफलत विमानतळाच्या नावाने होते. २०२३च्या जानेवारीपासून गोव्याला दोन विमानतळ आहेत. संग्रहालय दाबोळीला लागून आहे. तुमचं विमान मोप्याला उतरणार असेल, तर ते पेडणे तालुक्यात, राज्याच्या उत्तर टोकाला आहे, आणि तिथून इथवर यायला सगळा गोवा ओलांडावा लागतो. परतीचं विमान मोप्याहून असेल तर 'जाता जाता संग्रहालय' हा बेत मनातून काढून टाका.

रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावला उतरावं. मुंबई आणि कोकणातून येणाऱ्या गाड्यांचं ते मोठं स्थानक. मडगावहून वास्कोला कदंब महामंडळाच्या आणि खासगी बस सतत सुटतात. पणजीहूनही वास्कोची बस मिळते. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची ती जुनी कोंडी सुटली आहे. वास्कोपर्यंत जायची गरज नाही. वाटेत दाबोळी-चिखलीच्या बाजूला उतरा आणि पुढे रिक्षा करा, किंवा एकटे असाल तर 'पायलट', म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवा. परतीसाठी वाहन सांगून ठेवलेलं बरं, कारण बोगमाळोच्या रस्त्यावर रिकामी रिक्षा हात केल्याबरोबर थांबेल असं नाही.

स्वतःची गाडी असेल तर दाबोळीहून बोगमाळो किनाऱ्याकडे जाणारा रस्ता धरा. वाटेत नौदलाच्या कुंपणाच्या भिंती लागतात. तिथे गाडी थांबवून फोटो काढू नका.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं

लगेच फोटो काढू नका. आवाराला एक फेरी मारा आणि कुठे काय आहे ते पाहून घ्या. विमानं काळाच्या क्रमाने मांडलेली नाहीत. जागा मिळाली तशी ती उभी आहेत, त्यामुळे ओळीने पाहत गेलात तर १९५०च्या शेजारी १९८० येतं आणि डोक्यात काहीच जुळत नाही. मी खाली जो क्रम देतोय, त्यासाठी थोडं पुढे-मागे चालावं लागेल. तेवढं चाला.

प्रत्येक विमानात तीन जागा शोधायच्या. पहिली, शेपटाखाली हुक आहे का. दुसरी, पंखाला मध्येच सांधा आहे का. तिसरी, चाकं आणि त्यांचे दांडे केवढे जाड आहेत. हुक असेल तर विमान जहाजावर उतरणारं: डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत तो हुक अडकतो आणि दोन-तीन सेकंदांत विमान थांबतं. सांधा असेल तर पंख दुमडून ते लिफ्टने खालच्या हँगरमध्ये जात असे. आणि चाकांचे दांडे जाड असतात कारण जहाजावर विमान अलगद टेकत नाही, ते आदळतं. वर-खाली होणाऱ्या डेकवर हळुवारपणाला वेळच नसतो.

सुरुवात करा सीलँडपासून

शॉर्ट सीलँड दिसायला बेढब आहे. पोट नावेचं, वर पंख, पंखांवर दोन पिस्टन इंजिनं, आणि तरी खाली चाकं. पाण्यावरही उतरावं आणि जमिनीवरही, असं हे उभयचर विमान. बहुतेक लोक त्याच्याकडे पाहून पुढे जातात, आणि हेच भारतीय नौदलाचं पहिलं विमान आहे. १९५३मध्ये सीलँड कोचीला आली, आणि त्याच वर्षी ११ मे रोजी तिथे नौदलाचा पहिला हवाई तळ 'आयएनएस गरुड' सुरू झाला. इथे हुक नाही, दुमडणारे पंख नाहीत. विमानवाहू नौका अजून यायची होती.

सीलँड बेलफास्टला बनली. पुढे 'विक्रांत'ही बेलफास्टच्याच गोदीत पुरी होऊन ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. आपल्या नौदलाची पहिली विमानं आणि पहिली विमानवाहू नौका एकाच गावची.

सीलँडनंतर फायरफ्लाय. दुसऱ्या महायुद्धातलं हे दोन आसनी लढाऊ विमान आपल्याकडे आलं तेव्हा लढाईसाठी म्हातारं झालं होतं. त्याचं काम होतं मागे लांब दोरीला लक्ष्य बांधून उडत राहणं, म्हणजे जहाजांवरच्या तोफचींना सराव मिळावा. या कामासाठी वैमानिकाचं काळीज किती थंड लागत असेल याचा विचार मुलांना करायला सांगा. तोफ खालून तुमच्याच दिशेने चाललेली असते. याच विमानाचे पंख बघा. मूळचं ते ब्रिटिश विमानवाहू नौकांसाठी बनलेलं, त्यामुळे सांधा इथे पहिल्यांदा भेटतो.

एचटी-२पाशी जरा थांबा

लहानसं, साधं, दोन आसनी शिकाऊ विमान. मागे शेपटाखाली चाक, त्यामुळे जमिनीवर नाक वर करून बसलेलं. शेजारी मोठी विमानं असल्याने याच्याभोवती कोणी नसतं. एचटी-२ हे भारतात आराखडा होऊन कारखान्यात सलग उत्पादन झालेलं पहिलं विमान. ते पहिल्यांदा उडालं १९५१ साली, हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये, बंगळुरूला. आणि त्याच्या रचनेमागचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. आधुनिक वायुगतिकीचा पाया ज्यांनी घातला त्या माणसाचा हा विद्यार्थी. आपल्या शाळांमधून हे नाव फारसं ऐकू येत नाही, म्हणून मुलं बरोबर असतील तर इथे पाच मिनिटं द्या.

जवळपास व्हँपायर दिसेल, दोन शेपटांचं शिकाऊ जेट. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतात. त्याच्या पुढच्या भागाचं अंग प्लायवुड आणि बाल्साच्या लाकडाचं आहे. जेट विमान, आणि लाकडाचं! डी हॅविलंड कंपनीने महायुद्धात लाकडी विमानं बनवली होती, ती सवय जेटच्या जमान्यातही काही काळ टिकली. त्याच कंपनीचं डोव्ह हे छोटं वाहतुकीचं विमानही आवारात आहे. एक नजर टाका आणि पुढे चला. ह्यूज हे छोटं शिकाऊ हेलिकॉप्टरही तसंच.

आता सी हॉक, आणि इथे वेळ काढा

सगळं आवार एका विमानासाठी बघायचं असेल तर ते हे. 'विक्रांत' यायच्या आधीच, १९६०च्या जुलैमध्ये, ब्रिटनमध्ये ब्रॉडीला सी हॉक या लढाऊ जेटचं स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभं राहिलं: आयएनएएस (नौदलाचं हवाई स्क्वाड्रन) ३००, 'व्हाइट टायगर्स'.

विमानाच्या मागे जा आणि जेटचं तोंड शोधा. शेपटाच्या टोकाला ते नाही. लोक इथे गोंधळतात. आता पुढे या आणि पंख जिथे धडाला चिकटतो तिथे मागच्या कडेला पाहा: दोन्ही बाजूंना एकेक. इंजिन एकच, रोल्स-रॉइस नीन, पण त्याचा झोत आत दुभागून दोन्ही कुशींतून बाहेर सोडला आहे. त्यामुळे मागचं धड मोकळं राहतं आणि तिथे इंधनाची टाकी बसते. समुद्रावर इंधन म्हणजे प्राण: खाली दुसरा विमानतळ नसतो.

मग हुक पाहा, आणि पंखांचा सांधा. पसरलेले पंख सुमारे १२ मीटर. दुमडले की त्याच्या निम्म्याहूनही कमी.

४ डिसेंबर १९७१ रोजी याच जातीची विमानं 'विक्रांत'वरून उठली आणि त्यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. त्या वेळी 'विक्रांत'च्या बॉयलरांपैकी एक निकामी होता, त्यामुळे जहाजाला पुरा वेग घेता येत नव्हता. हे का महत्त्वाचं, तर विमानाला उडायला समोरून वारा लागतो. जहाज वाऱ्याच्या तोंडावर जेवढ्या वेगाने धावेल तेवढा वारा डेकवर फुकट मिळतो. वाफेच्या कॅटापल्टने विमान पुढे फेकलं तरी हा हिशेब चुकत नाही. जहाज मंद, तर वारा कमी. बंगालच्या उपसागरात त्या दिवसांत विमानं उडवायची म्हणजे निसर्गाकडे रोज हात पसरणं होतं.

अलिझे: पाणबुडीचा माग काढणारं

सी हॉकच्या जोडीला 'विक्रांत'वर फ्रान्सचं ब्रेगे अलिझे होतं. १९६१च्या मार्चमध्ये फ्रान्समध्येच, इयेर इथे, त्याचं स्क्वाड्रन झालं: आयएनएएस ३१०, 'कोब्रा'. पुढे एकच पंखा आणि त्यामागे रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन. हेच डार्ट आपल्याकडच्या व्हायकाउंट, फॉकर फ्रेंडशिप आणि अॅव्हरो या प्रवासी विमानांनाही होतं. घरातल्या जुन्या माणसांना त्या विमानांचा तो कर्कश सूर आठवत असेल.

अलिझेमध्ये तीन माणसं. पोटाखाली रडारचा घुमट आहे, तो उड्डाणानंतर खाली उतरवायचा आणि उतरण्याआधी आत ओढून घ्यायचा. पंखाखालचे दोन फुगीर डबे चाकांसाठी आहेत, आणि त्यांच्यातच सोनोबॉय ठेवायची सोय आहे. सोनोबॉय म्हणजे पाण्यात टाकायचं ऐकण्याचं यंत्र: पाणबुडीचा आवाज पकडून तो रेडिओने विमानाला कळवायचा. हे डबे पाहिल्यावर इमारतीतल्या सोनोबॉयपाशी आठवणीने थांबा, दोन्ही गोष्टी एकत्र कळतील.

सी हॅरियरने प्रश्नच बदलला

आता तुमच्या तीन खुणा सी हॅरियरवर तपासा. हुक नाही. पंखाला सांधा नाही. चाकं विचित्र आहेत: पुढे एक, मध्ये पोटाखाली जोडचाक, आणि पंखांच्या टोकांकडे दोन लहान काटकुळी चाकं, तोल सांभाळायला. आतापर्यंत जे शिकलात ते इथे लागू पडत नाही, आणि मला वाटतं सगळ्या आवारात पाहण्यासारखी गंमत हीच आहे.

बाजूने पाहा. धडाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन, अशी चार तोंडं दिसतील. ती फिरतात. पेगॅसस इंजिनाचा झोत मागे सोडला तर विमान पुढे जातं, खाली सोडला तर हवेत तोललं जातं. त्यामुळे उतरताना तारेची गरज नाही, म्हणून हुक नाही. उडताना मात्र सरळ वर जायचं म्हटलं तर इंधन आणि शस्त्रं कमी घ्यावी लागतात, म्हणून डेकच्या टोकाला वर वळलेला चढ, स्की-जंप, तयार केला गेला. 'विक्रांत'वर तो नंतर बसवला; दुसरी विमानवाहू नौका 'विराट' १९८७मध्ये आपल्याकडे आली ती स्की-जंप घेऊनच. हँगरच्या लिफ्टमध्ये मावण्यासाठी या विमानाचं नाक बाजूला दुमडतं. सांधा होता, फक्त नाकात होता!

पहिली सी हॅरियर विमानं १६ डिसेंबर १९८३ रोजी इथे, दाबोळीलाच उतरली. सी हॉक चालवणाऱ्या 'व्हाइट टायगर्स'नाच ती मिळाली, आणि त्या वेळी स्क्वाड्रनचे प्रमुख होते अरुण प्रकाश, पुढे जे नौदलप्रमुख झाले. २०१६च्या मे महिन्यात याच तळावर सी हॅरियर विमानांना निरोप दिला गेला. म्हणजे हे विमान तुम्ही त्याच्या घरीच पाहता आहात.

यानंतरचा धडा संग्रहालयात नाही, कुंपणापलीकडे आहे. दाबोळीच्या तळावर जमिनीवरच स्की-जंप आणि अडवणाऱ्या तारा उभारल्या आहेत, सरावासाठी. तिथून २०१४च्या डिसेंबरमध्ये नौदलासाठीचं तेजस पहिल्यांदा चढावरून उडालं, आणि २०२०च्या जानेवारीत ते 'विक्रमादित्य' या विमानवाहू नौकेवर तारेच्या साह्याने उतरलं. दोन्ही वेळी चालवणारे होते कमोडोर जयदीप मावळणकर. तेजसला हुक पुन्हा आला, कारण ते सरळ खाली उतरू शकत नाही.

हेलिकॉप्टरं

चेतक सगळ्यांना माहीत असतं. फ्रेंच रचनेचं, एचएएलने परवान्यावर बनवलेलं, जहाजांवर आणि शोध-बचावाला अजूनही कामावर. सी किंग आणि कामोव्ह मात्र शेजारी-शेजारी तुलना करून पाहा.

सी किंग १९७१पासून आपल्याकडे आहे. त्याचं पोट नावेसारखं आहे, पाण्यावर उतरावं लागलं तर तरंगावं म्हणून. फरशीतल्या भोकातून तारेला बांधलेलं सोनार पाण्यात सोडतात आणि हेलिकॉप्टर त्याच जागी वर तरंगत राहून ऐकतं. कामोव्ह-२५ रशियाचं, 'राजपूत' वर्गाच्या विनाशिकांबरोबर १९८०पासून आलेलं. त्याच्या मागे शेपटाचा पंखा शोधा. सापडणार नाही. वर एकावर एक दोन पंखे आहेत आणि ते उलट-सुलट दिशांना फिरतात, त्यामुळे धड गरगर फिरण्याचा प्रश्न एकमेकांतच मिटतो. शेपटाची गरज संपली, लांबी कमी झाली, आणि छोट्या डेकवर ते मावलं.

सगळ्यात मोठं शेवटी: सुपर कॉन्स्टेलेशन

दारातून शिरताच हेच दिसतं, पण मी ते शेवटी ठेवायला सांगतो. आधी पाहिलं तर बाकीची विमानं खेळणी वाटतात.

लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. सुरमईसारखं हलकंसं वाकलेलं अंग, चार इंजिनं, तीन शेपट्या. तीन कशासाठी? एकच शेपटी ठेवली असती तर ती उंच झाली असती आणि त्या काळच्या हँगरमध्ये विमान शिरलं नसतं. इंजिनं पिस्टनची, राइट कंपनीची, प्रत्येकात १८ सिलिंडर. पाठीमागे उत्सर्जनाच्या झोतावर फिरणारी टर्बाइनं जोडून त्यातून आणखी ताकद काढली होती. पिस्टन इंजिनांनी गाठलेली ही जवळपास अखेरची मजल. त्यानंतर जेट आलं आणि हे सगळं एकाएकी जुनं झालं.

आपल्याकडे ही विमानं आधी एअर इंडियाची होती. १९५०च्या दशकात लंडनला जाणारा मुंबईकर यातून गेला. बोइंग ७०७ आल्यावर ती हवाई दलाकडे गेली, आणि १९७६मध्ये समुद्रावरच्या टेहळणीचं काम हवाई दलाकडून नौदलाकडे आलं तेव्हा तीही त्याच्याबरोबर आली. १८ नोव्हेंबर १९७६ रोजी आयएनएएस ३१२ या स्क्वाड्रनची सुरुवात याच विमानांनी झाली. साडीतल्या हवाई सुंदरी जिथून फिरल्या, तिथे पुढे रडारच्या पडद्यासमोर नौसैनिक बसले. १९८०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात ती थांबली. त्यांची जागा १९८८मध्ये तुपोलेव्ह-१४२ने घेतली.

या जागेशी सुपर कॉन्स्टेलेशनचा आणखी एक जुना संबंध आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या पोर्तुगीज धावपट्टीवर बाँब टाकले. तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं मात्र शाबूत राहिली: पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि गोव्याच्या कंपनीचं एक डीसी-४. त्याच रात्री धावपट्टीचा जेवढा तुकडा नीट होता तेवढ्यावरून दोन्ही विमानं पोर्तुगीज कुटुंबांना घेऊन उडाली आणि कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला, आणि १९६२च्या एप्रिलमध्ये हा तळ नौदलाच्या ताब्यात आला. 'हंसा' १९६१पासून कोइमतूरजवळच्या सुलूरला होती, ती १९६४मध्ये इथे हलली. संग्रहालयातलं विमान ते नव्हे, पण जात तीच. त्याच्या लांबीकडे पाहा आणि उखडलेल्या धावपट्टीवरून रात्री असं धूड उचलायचं म्हणजे काय, याचा अंदाज घ्या.

इमारतीत काय वाचायचं, काय सोडायचं

दोन मजली दालनात फोटो, शस्त्रं, उपकरणं, हवाई छत्र्या आणि विमानवाहू नौकांच्या प्रतिकृती आहेत. सगळे फलक वाचायला गेलात तर दमाल. प्रतिकृतींपासून सुरुवात करा. 'विक्रांत'च्या डेकवरची चिमुकली विमानं पाहा, पंख दुमडून कशी रचली आहेत; बाहेर शिकलेल्या तिन्ही खुणा इथे एकत्र दिसतात. मग 'विराट'चा पुढचा चढ. त्यानंतर टॉर्पेडो आणि सोनोबॉय. युद्धांच्या फोटोंमध्ये डेकवरच्या माणसांकडे लक्ष द्या: वेगवेगळ्या रंगांच्या बंड्या घातलेली माणसं दिसतील, रंगावरून कोणाचं काम काय ते कळतं. इंजिनांच्या आवाजात तोंडाने सांगितलेलं ऐकू येत नाही, म्हणून ही सोय. बक्षिसं, ढाली, मानचिन्हं यांच्यावरून झरझर गेलात तरी चालेल.

मुलं, म्हातारी माणसं, फोटो

सहा वर्षांखालच्या मुलांना वरचा इतिहास सांगू नका. त्यांना एकच काम द्या: 'शेपटाखाली हुक असलेली विमानं मोजून ये.' मोठ्यांना विमानावरचे आकडे वहीत उतरवायला सांगा. नौदलाच्या विमानांवर 'आयएन'नंतर आकडा असतो, आणि घरी आल्यावर त्यावरून त्या एका विमानाचा इतिहास शोधता येतो. विमानांवर चढू देऊ नका. पत्रा पातळ असतो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याने हात भाजतो.

ज्येष्ठांसाठी टोपी, पाणी आणि सपाट तळव्याच्या चपला पुरेत. आवारात खाण्यापिण्याची छोटी सोय आहे, पण जेवायला बोगमाळोच्या किनाऱ्यावर जा, अगदी जवळ आहे.

फोटो विमानांचे खुशाल काढा. कॅमेरा धावपट्टीकडे, तळाच्या इमारतींकडे किंवा पहाऱ्यावरच्या जवानांकडे वळवू नका, आणि ड्रोन तर पिशवीतूनही काढू नका. चांगल्या फोटोसाठी मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून विमान पुढच्या कोपऱ्यातून घ्या; चाकं, पोट आणि पंखांचा सांधा एकाच चौकटीत येतात. रंगावर मात्र फार विसंबू नका. खाऱ्या हवेत ही विमानं पुन्हापुन्हा रंगवावी लागतात, त्यामुळे आजची छटा विमान सेवेत असतानाचीच असेल असं नाही.

पुढे अजून पाहायचं असेल तर

तुपोलेव्ह-१४२ पाहायला विशाखापट्टणमला जावं लागेल; रामकृष्ण किनाऱ्यावर ते २०१७पासून संग्रहालय म्हणून उभं आहे, समोरच 'कुरसुरा' पाणबुडी. दोन्ही एकाच संध्याकाळी होतात. पुणेकरांना घराजवळ घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात एक मिग-२३ सापडेल. ते हवाई दलाचं आहे. त्याच्या चाकांची जाडी सी हॉकच्या चाकांशी ताडून पाहा.

आणि 'विक्रांत'? १९९७मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून होती, आणि २०१४मध्ये भंगारात गेली. तिच्या पोलादातून घडवलेलं अर्झान खंबाटा यांचं शिल्प मुंबईत लायन गेटबाहेर आहे, २०१६पासून. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत जाता येतं, तिकीट नाही, आणि सोमवारीही पाहता येतं.